अकरावं पान

गजराबाईनं साय धरलेला चहाचा कप पाहुण्यांपुढून उचलला, ओट्याच्या कडेला जाऊन शेवग्याच्या बुडात ओतला आणि आत स्वयंपाकघराकडं तोंड करून, पण पाहुण्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पुष्पे, दुसरा टाक गं. पुण्याच्या मानसाला गार चहा चालत न्हाई, आन् गरम असताना प्यायला सवड व्हत न्हाई. दारात यायचं, बाजेच्या कडंला टेकायचं आन् दिल्या घोटाला शिवायचं न्हाई, ही कुठली रीत म्हनायची?"

"राहू द्या मावशी. घेतला असता मी."

"घेतो घेतो म्हनताना साय आली की!"

धम्मपाल सरांनी हसल्यासारखं केलं आणि खाली बघितलं. पंचावन्नच्या आसपासचा माणूस, अंगानं वाळका, मांडीवरची निळी फाइल दोन्ही हातांनी धरलेली. गाडी डांबरी रस्त्यालाच ठेवून गल्लीतून चालत आले होते, बूट पायरीखाली जोडीनं काढून ठेवले होते. म्हणजे वळण नव्हतं असं नाही. पण गजराबाईचा राग चहावर नव्हताच मुळी. तिचा धाकटा जालिंदर पुण्याच्या एका विद्यापीठात पाच वर्षं ह्याच माणसाच्या हाताखाली शिकला होता. मागच्या माघात तो गेला, तेहतिसाव्या वर्षी. दहाव्याला नदीवर, तो शिकवायचा त्या अवसरीच्या कॉलेजातली पोरं दोन जीपा भरून आली. पुण्याहून त्याच्या बरोबरीचे चौघे आले. भीमाशंकरच्या रस्त्यावरचा वडेवाला, ज्याचं जालिंदरशी चार शब्दांपलीकडं कधी बोलणं झालं नसेल, तोसुद्धा कढई उतरवून आला. हे आले नाहीत. आणि आता पौष सरत आला, वर्षश्राद्धाचं सामान लिहून झालं, तेव्हा आधी तीन फोन. तिन्ही तिनं आवाज ओळखल्याबरोबर कापले. आणि आज हे स्वतः.

पावट्याच्या शेंगांचं सूप मांडीजवळ ओढून ती त्यांच्यासमोर बसली. शेंग सोलायला नजर लागत नाही. नजर तिनं सरांवर ठेवली.

"बोला. काय काम काढलं?"

"जालिंदरची एक वही होती," सर म्हणाले. "लांब, जाड पुठ्ठ्याची. सगळी हातानं लिहिलेली. ती असेल का घरात?"

"असंल की. त्याचं सगळंच हाय घरात. त्योच न्हाई."

पुष्पा दुसरा चहा घेऊन आली. कप ठेवून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. थोरल्या दादाभाऊची बायको, बारावी झालेली, ह्या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती. सासूसमोर चौकटीच्या अलीकडं यायचं ते काही द्यायला किंवा न्यायलाच, एवढं तिनं पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं.

ओळखावंच लागे. गजराबाईचा नवरा राघू मेंढरांमागं खाली कोकणात उतरला आणि तिकडंच तापानं गेला, तेव्हा जालिंदर सहा वर्षांचा होता. साठ मेंढरं, दोन पोरं, आणि मेंढरांवर डोळा ठेवून बसलेले दीर. ते सगळं तिनं राखलं ते जिभेच्या जोरावर. शिनोलीत तिच्या दारावरून जाताना लोक बोलणं थांबवत. घोडेगावच्या तहसील कचेरीतला कारकून तिला लांबून बघून फाइल शोधायला लागे. घरात तर दुसरं तोंडच नव्हतं. दादाभाऊ मान डोलवी, पुष्पा पदर सावरी आणि जालिंदर, तो लहानपणापासूनच असा, की कोकरू हरवलं तरी रडून सांगायचा नाही, एकटाच शोधत फिरायचा. ह्या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता. सुतकात भेटायला आलेल्या प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं होतं, छातीवर हात ठेवून: उलट उत्तर म्हणून दिलं न्हाई कधी माझ्या लेकरानं.

"वही कशाला पायजे तुम्हाला?" तिनं विचारलं. "तुमच्याकडं कपाटंच्या कपाटं असतील पुस्तकांची."

"त्या वहीत त्यानं एक गोष्ट सिद्ध केली होती."

"सिद्ध म्हंजी?"

"म्हणजे पक्की केली होती. कुणीही, कितीही तपासली तरी हलणार नाही अशी."

"कॉम्प्युटरची?"

सर घोटाळले. हा घोटाळा गजराबाईच्या ओळखीचा होता. जालिंदर संगणकाचा डॉक्टर होतोय म्हटल्यावर गावातले लोक बंद पडलेले मोबाइल घेऊन यायचे. ग्रामपंचायतीतला प्रिंटर एकदा त्यानं दोन तास उघडून बघितला आणि होता तसा परत लावून दिला. भावकीत हसू झालं. तेव्हा गजराबाईनंच चावडीसमोर उभं राहून सांगितलं होतं, "त्यो यंत्र दुरुस्त करत न्हाई. यंत्राला काय जमनार न्हाई, ते त्यो आधीच सांगतो. तुमच्या बापाला तरी आलं व्हतं का असं सांगता?" हे वाक्य जालिंदरनंच कधीतरी तिला समजावून दिलेलं. तिनं त्याला धार लावली होती, एवढंच.

"सांगा की. मला कळंल तेवढं कळंल," ती म्हणाली.

सरांनी बाजेच्या पट्टीवर बोटानं रेघा ओढल्या. "समजा, वाटांचं एक जाळं आहे. सगळ्या वाटा एकेरी. गेलात की गेलात, मागं फिरायचं नाही. आणि चालणारा माणूस विसराळू. त्याच्या डोक्यात एका वेळी चारच खुणा मावतात. पाचवी ठेवायची तर आधीची एक टाकून द्यायची. अशा माणसाला सांगता येईल का, की ह्या गावाहून त्या गावाला वाट आहे का नाही?"

"एवढंच?" गजराबाईनं शेंग मोडली. "माझा सासरा दिवाळी झाली की दोनशे मेंढरं घेऊन घाट उतरायचा. शाळंचं तोंड बघितलं नव्हतं. त्याला इचारलं असतं तर चालता चालता सांगितलं असतं त्यानं."

"जालिंदर असंच म्हणायचा." सरांनी पहिल्यांदाच मान वर केली. "म्हणायचा, आजोबा सगळी वाट ध्यानात ठेवत नसत. वाट जिथं फुटते तेवढीच जागा ठेवत. तिथूनच त्यानं सुरुवात केली होती. मावशी, किती वर्षं झाली, जगातले मोठमोठे लोक ह्या एका प्रश्नाला अडून बसलेत."

"आन् माझ्या लेकानं सोडवला."

"हो."

गजराबाईनं पुष्पाकडं बघितलं. ऐकलंस का, असं ते बघणं होतं. मग पुन्हा सरांकडं. "त्यो पुनं सोडून आला त्याला तीन वर्सं झाली. मग हे सांगायला एवढी वर्सं लागली तुम्हाला? त्यो असताना का न्हाई बोलला?"

सरांनी चहाचा कप उचलला, न पिताच खाली ठेवला.

"त्यानं वही माझ्यापुढं ठेवली, तो दिवस मला आठवतो," ते म्हणाले. "चाळीस पानं. टाइप करण्याआधी हातानं लिहून आणायचं, हा माझाच नियम. मी वाचत गेलो आणि चौथ्या पानावर थांबलो. तिथं दोन वेगळ्या वाटा त्यानं एकच धरल्यात, असं मला दिसलं. तसं असेल तर पुढचं सगळं कोसळतं. मी लाल पेनानं फुली मारली. पुढची पानं उलटलीसुद्धा नाहीत. वही त्याच्याकडं सरकवली आणि म्हणालो, पाच वर्षं शिकून इतकी साधी चूक होते कशी? खोलीत बाकीची मुलं होती."

"मग त्यो काय म्हनला?"

"'बरं सर,' म्हणाला. वही उचलली आणि गेला. पुन्हा विभागात आला नाही."

गजराबाईचा अंगठा शेंगेच्या शिरेत तसाच राहिला.

"आमच्या कामात भांडावं लागतं, मावशी," सर सांगत होते. "फळ्यापुढं उभं राहून. मुलं माझ्या अंगावर येतात, मी त्यांच्या. खडू फेकण्यापर्यंत जातं. खरं काय नि खोटं काय, ते त्या भांडणातूनच वर येतं. तो दहा मिनिटं भांडला असता तर मला दिसलं असतं. तो भांडला नाही. मला वाटलं, त्यालाही चूक पटली."

ती ऐकत होती की नाही कोण जाणे. 'बरं सर' कसं म्हटलं असेल, ते तिला सरांनी सांगायची गरज नव्हती. भादवी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काही न कळवता तो पाठीला पिशवी लावून घरी आला होता. तोंड उतरलेलं. तिनं कारण विचारलं नाही. पाच वर्षं झाली, लग्नाचं वय निघून चाललं, आणि अजून हा कागदच रंगवतोय, हे तिच्या मनात केव्हाचं होतं. त्यातच तिचा भाचा भरत सांगून गेला होता की अवसरीच्या कॉलेजात हंगामी मास्तर पाहिजेत. जेवताना ती म्हणाली, "बास झालं आता ते पुन्यातलं. उद्या सकाळी अवसरीला जायाचं आन् तिथल्या साहेबांना भेटायचं. मी भरतला शब्द दिलाय." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "बरं आई," म्हणाला. गेला, भेटला, लागला. दोन वर्षं शिकवलं. मागच्या माघात परीक्षेच्या दिवसांत पोटात दुखत असताना तीन दिवस पेपरवर उभा राहिला आणि चौथ्या दिवशी वर्गातच कोसळला. आतडं आतल्या आत फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, एवढं दुखताना माणूस गप्प बसतो कसा? तेव्हाही, त्या दवाखान्याच्या जिन्यात, तिच्या मनात दुःखाच्या आधी तेच आलं होतं: कुरकुर म्हणून केली न्हाई.

"मग आता कसं दिसलं तुम्हाला?" तिचा आवाज बारीक झाला होता. तिला ते आवडलं नाही. तिनं खाकरून पुन्हा विचारलं, "आता कसं काय डोळं उघडलं?"

"परदेशातल्या दोघांनी गेल्या महिन्यात काम जाहीर केलं. ह्याच प्रश्नाचा एक लहानसा तुकडा. त्यांनीही दोन वाटा एकत्र धरल्यात, आणि पुढं जाऊन वेगळ्या केल्यात. वाचता वाचता मला ती फुली आठवली. त्यानंही पुढं तसंच केलं असणार, अशी खात्रीच पटली." सर थांबले. "ते दोघं हुशार आहेत. महिन्या-दोन महिन्यांत ते उरलेलंही करतील. मग ते त्यांचं. जालिंदरचं नाव कुठंच असणार नाही. त्याच्याआधी वही बाहेर आली, तर ते त्याचं. जगात जिथं जिथं हे शिकवतील तिथं त्याचं नाव घेऊन शिकवतील."

ओट्याखाली जाळीत कोंडलेली कोकरं ओरडायला लागली होती. त्यांच्या आया अजून रानातून यायच्या होत्या. फक्त एक म्हातारी मेंढी, पायानं अधू म्हणून दारातच राहणारी, शेवग्याखाली उभी होती.

"न्हाई मिळायची वही," गजराबाई म्हणाली.

पुष्पानं चौकटीवरचा हात काढला.

"ज्या हातानं फुली मारली त्या हातात मी ती परत देनार न्हाई. तुमी कोन त्याचं नाव करनार? व्हतं तेवढं नाव पुसून बसला आन् आता आला व्हय पाटी धुवायला?"

सरांनी मान डोलवली. मग फाइल काखेत धरून उठले. "बरं," म्हणाले आणि पायरीकडं वळले.

"बसा खाली!"

गजराबाई इतक्या जोरानं ओरडली की कोकरंसुद्धा क्षणभर गप्प झाली.

"एका शब्दात निघाला? आत्ताच म्हनला न्हवं, भांडावं लागतं? मग भांडा की! सगळ्यांनी बरं म्हनून निघून जायाचं ठरवलंय का काय माझ्या दारातनं?"

सर उभेच राहिले. बोलायला लागले तेव्हा त्यांची भाषा पुण्याची राहिली नव्हती.

"कोन्या तोंडानं भांडू? मी शेजारच्या जुन्नर तालुक्यातलाच हाय, मावशी. नारायणगावच्या अलीकडं आमची वस्ती. माझी आय द्रौपदा लोकांच्या द्राक्षबागांत खुरपायला जायाची. मी त्या खुर्चीत बसलो तवा माझी एक चूक दिसायची वाट बघत किती जन बसले व्हते, ते माझं मला ठाव. चूक दिसली की माझ्या अंगावर काटा येतो, माझी असू नायतर माझ्या पोरांची. आन् जालिंदर तर आपल्याकडचा. लोकांनी म्हनू नये, गाववाला म्हनून चालवून घेतलं. म्हनून दुसऱ्यांचं मी शेवटच्या पानापर्यंत वाचायचो आन् त्याचं..." त्यांनी हातानं काहीतरी तोडल्यासारखं केलं. "दहाव्याला मला येता आलं असतं. आलो न्हाई. गाडी काढली व्हती. मंचरपर्यंत येऊन मागं फिरलो."

गजराबाई उठली. कमरेची किल्ली सोडत आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा, काहीतरी उपसल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली वही होती. अकरा महिने ती वही तिनं कुणाला दाखवली नव्हती, स्वतःही उघडली नव्हती. घोंगडी तिनं काढून घेतली, वही बाजेवर ठेवली.

"बघा. माझ्यासमोर बघा. घरी न्यायचं मंग ठरवू."

सरांनी चष्मा पुसला. पहिली पानं भराभर उलटली, चौथं तर न बघताच उलटलं आणि मग एकेक ओळ बोटानं वाचत अकराव्यावर आले. गजराबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, आजारी मेंढीच्या तोंडाकडं बघावं तशी. ओठ हलत होते. एकदा ते मागच्या पानावर गेले, पुन्हा पुढं आले. बोट एका ओळीखाली थांबलं आणि हलेना. नंतर त्यांनी चष्मा काढला.

"हाय," ते म्हणाले. "हाय तिथं."

"काय हाय?"

"दोन वाटा. त्यानं इथं वेगळ्या केल्यात. तीन ओळी आहेत फक्त."

गजराबाईनं वही त्यांच्या हातातून घेतली. वजन तिच्या ओळखीचं होतं, आतलं काहीच नाही. इंग्रजी अक्षरं, बाण, मुंग्यांसारखी चिन्हं. एक एक पान मागं सारत ती चौथ्यावर आली. लाल फुली कागदाच्या पाठीपर्यंत उमटली होती. ती तिला बघायचीच होती. फुलीवरून तिनं अंगठा फिरवला, आणि तिथंच, समासाच्या तळाला, पेन्सिलीनं लिहिलेल्या बारीक ओळी तिला दिसल्या. ह्या ओळींना वर रेघ होती. दुसरीतून शाळा सुटली होती तिची, पण एवढं कळत होतं.

"हे तर आपलं हाय. मराठी हाय हे." तिनं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि शाळेतल्यासारखं एकेक अक्षर उच्चारलं. "स... र."

सर पुढं वाकले. त्यांनी चष्मा नाकावर ठेवला, पण त्यांना वाचता येईना. चष्मा पुन्हा काढला.

"पुष्पे, ये हिकडं. वाच."

पुष्पा चौकटीतून बाहेर आली, सासूच्या खांद्याशी उकिडवी बसली आणि वाचू लागली.

"सर, दोन वाटा एकच धरलेल्या नाहीत. अकराव्या पानावर त्या वेगळ्या होतात. तोपर्यंत त्या वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवायची गरज नाही, म्हणून ठेवलेलं नाही. तुम्ही अकरावं पान वाचलंत तर दिसेल. हे मी तिथंच बोलायला हवं होतं. उद्या सकाळी येऊन फळ्यावर सांगतो."

तिनं वाचणं थांबवलं. मग हळूच म्हणाली, "खाली तारीख हाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची."

गजराबाईनं तिच्याकडं बघितलं नाही.

"भावजी घरी आले त्या दिवसाची," पुष्पा म्हणाली. आता सुरू झालं होतं तर तिला थांबता येईना. "सांजच्याला चुलीपाशी येऊन मला म्हनले व्हते, वहिनी, उद्या पहाटंच्या एसटीनं पुन्याला जायाचंय, डबा करून देशील का? मी केला व्हता. मेथीची भाजी आन् भाकरी."

"मग?"

"मग जेवताना तुमी अवसरीचं सांगितलं, आत्याबाई. सकाळी त्योच डबा घेऊन गेले अवसरीला."

"आन् तू मला बोलली न्हाईस."

पुष्पानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. टोचून बोलावं असं तिच्या आवाजात काहीही नव्हतं. "तुमी शब्द दिलाय म्हनला व्हता. मग कोन बोलनार?"

शेवग्याखालची अधू मेंढी ओट्याशी आली होती. पायरीवर कांद्याच्या रोपाच्या जुड्या ओल्या फडक्यात ठेवल्या होत्या, दादाभाऊ दुपारी लावायला नेणार होता. मेंढीनं फडकं ओढून काढलं आणि रोप खायला सुरुवात केली. एरवी गजराबाईच्या ओरडण्यानं ती गल्लीच्या टोकाला गेली असती. गजराबाई तिच्याकडं बघत होती. मेंढीनं पहिली जुडी संपवली, दुसरी ओढली. पुष्पा उठायला लागली, पण सासूचा हात तिच्या मनगटावर होता, तो सुटला नाही. धरून ठेवल्यासारखा नव्हता तो. विसरून राहिल्यासारखा होता.

सर बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "मी आठ दिवसांत टाइप करून घेतो. अक्षर न् अक्षर त्याचं ठेवीन. नाव त्याचं एकट्याचं असेल. आणि खाली लिहीन, की हे तीन वर्षांपूर्वी माझ्यापुढं आलं होतं आणि न वाचता मी परत केलं. माझ्या नावानिशी लिहीन. लोकांना कळू दे."

गजराबाईनं पुष्पाचं मनगट सोडलं.

"आणि मावशी, मला..." त्यांचा हात अर्धवट उचलला गेला, नमस्काराला की आणखी कशाला ते त्यांनाही कळलं नसावं. "मला तुमच्याकडून..."

तिनं वही मिटली. घोंगडीच्या तुकड्यात पुन्हा नीट गुंडाळली, टोकं आत खोचली आणि उठून सरांच्या मांडीवर ठेवली, त्या निळ्या फाइलच्या वर. मग त्यांच्यापुढं सरळ उभी राहिली. तिचं तोंड पुन्हा ते जुनं, दिरांना परतवून लावणारं झालं होतं, पण आवाज तो नव्हता.

"माफी माझ्याजवळ न्हाई, सर. ज्याच्याजवळ व्हती त्यो घेऊन गेला. वही न्या. नाव त्याचं एकट्याचं लावा, आन् तुमचं ते काय लिहायचं ते लिहा, त्यानं माझं काय व्हत न्हाई. पन उद्या जगात कुनीबी ह्या वहीवर बोट ठेवलं, हितं चुकलं, तितं चुकलं म्हनलं, तर तुमी उठून उभं ऱ्हायचं. मान खाली घालायची न्हाई. मोठा मानूस हाय म्हनून ऐकून घ्यायचं न्हाई. भांडायचं. जितं हाय तवर भांडायचं. त्याला बोलू दिलं न्हाई आपन."